सीएफआयसाठी तयार लेसन प्लॅन घ्यावेत का? काही महिने वापरल्यावरचा अनुभव

सीएफआयच्या, म्हणजे अमेरिकेतल्या फ्लाइट इन्स्ट्रक्टरच्या सर्टिफिकेटच्या तयारीला लागलेल्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: लेसन प्लॅन स्वतः लिहायचे की विकत घ्यायचे? मी विकत घेतले. काही महिने त्यांवर अभ्यास केला, चेकराइड, म्हणजे परीक्षकासमोरची शेवटची परीक्षा, दिली, आणि आता फिनिक्सच्या उन्हात शिकवतानाही त्यातली काही पानं वापरते. एका ओळीत उत्तर हवं असेल तर: घ्या, पण अर्धे फाडून टाकायच्या तयारीनं घ्या. कुठले अर्धे, ते पुढे सांगते.

नवख्यांसाठी थोडक्यात. कमर्शियल लायसन्स आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग हातात आलं की एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाच्या, दोन लेखी परीक्षा असतात. शिकवण्याच्या शास्त्राची ५० प्रश्नांची, विमानाच्या विषयांची १०० प्रश्नांची, दोन्हींत ७० टक्के लागतात. स्पिनचं, म्हणजे विमान गिरक्या घेत खाली येतं त्या स्थितीचं, प्रशिक्षण आणि त्याची लॉगबुकात नोंद वेगळी. हे सगळं होऊन जातं. खरं घोडं पेंड खातं ते चेकराइडच्या ओरलमध्ये, म्हणजे तोंडी परीक्षेत. परीक्षक हातात मार्कर देतो आणि म्हणतो, ‘मी नवा विद्यार्थी आहे, मला अमुक शिकव.’ अमुक म्हणजे काहीही असू शकतं: एअरस्पेस, वेट अँड बॅलन्स, स्टॉल, एन्डॉर्समेंट (इन्स्ट्रक्टरनं विद्यार्थ्याच्या लॉगबुकात द्यायची लेखी मंजुरी). अर्धा दिवस सहज जातो. एसीएस नावाचं जे परीक्षेचं मानक आहे त्यातली यादी बघितली की कोऱ्या कागदावर सुरुवात करायची हिंमतच होत नाही. म्हणून आपण आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला निघतो.

मी घेतलेला संच पीडीएफ आणि वर्ड अशा दोन्ही रूपांत होता. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, कारण मैत्रिणींकडचे दुसरे संच चाळले तेव्हा उन्नीस-बीसच वाटले. छापून काढला तर सगळ्यांत जाड बाइंडरही गच्च भरतो. प्रत्येक प्लॅनचा साचा एफएएच्या ‘एव्हिएशन इन्स्ट्रक्टर्स हँडबुक’मधलाच: उद्दिष्ट, मुद्दे, वेळेची विभागणी, साहित्य, इन्स्ट्रक्टरनं काय करायचं, विद्यार्थ्यानं काय करायचं, आणि शेवटी कुठल्या दर्जाला पोचलं की धडा पूर्ण समजायचा ते.

व्हिडिओ कॉलवर आईला तो बाइंडर दाखवला. ती कराड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. चष्मा वर करून तिनं दोन पानं वाचली आणि म्हणाली, “अगं, हे तर आमचं टाचण.” मग लगेच दुसरा प्रश्न: “एवढं लांबडं? वर्गात बघणार कधी तू हे? पोरांसाठी काढलंय का साहेबांसाठी?” केंद्रप्रमुखांच्या सहीसाठी रंगवलेल्या टाचण वह्या तिनं उभ्या नोकरीत पाहिल्या होत्या, त्यामुळे तिला पहिल्या पानावरच कळलं. मला कळायला काही आठवडे लागले. संच साहेबांसाठीच आहे. परीक्षकापुढे काही सुटू नये म्हणून लिहिलेला. आणि त्या कामाला तो उत्तम आहे, हे आधी मान्य करते.

चांगलं काय, तर क्रम. कुठल्या विषयाआधी कुठला विषय झालेला असला पाहिजे, हे संचात नीट लावलेलं होतं. दुसरं, प्रत्येक मुद्द्यापुढे संदर्भ: नियम असेल तर कुठला भाग, हँडबुक असेल तर कुठलं प्रकरण. ओरलमध्ये उत्तर पाठ नसलं तरी चालतं, कुठे सापडेल ते माहीत असावं लागतं, आणि ही सवय मला त्या रकान्यानंच लावली. तिसरं म्हणजे नेहमीच्या चुकांची यादी. एफएएच्या हँडबुकांत चुका दिलेल्या असतात, पण या लोकांनी चूक का होते आणि ती उजव्या सीटवरून कशी ओळखायची हेही बऱ्याच ठिकाणी लिहिलं होतं. तेवढ्या पानांसाठी पैसे वसूल.

आता तक्रारी.

एअरोडायनॅमिक्सच्या स्लाइडमध्ये पंखाच्या वरून आणि खालून जाणारे हवेचे दोन कण मागच्या कडेला एकाच वेळी भेटतात, म्हणून वरच्याला पळावं लागतं, म्हणून दाब कमी होतो, असं छान रंगीत चित्र होतं. हे चूक आहे. कणांनी एकमेकांना भेटावं असा कुठला नियम नाही. प्रत्यक्षात वरून जाणारी हवा खालच्या हवेच्या आधीच मागे पोचते. शिवाय हे खरं असतं तर विमान उलटं उडूच शकलं नसतं. गंमत म्हणजे त्याच संचात शिकण्याच्या नियमांचा प्लॅन आहे आणि त्यात प्रायमसीचा नियम ठळक अक्षरांत आहे: पहिल्यांदा जे शिकलं ते घट्ट बसतं, म्हणून पहिल्यांदाच बरोबर शिकवा. ती स्लाइड मी काढली आणि सरळ सांगते: पंख हवेला खाली वळवतो, त्याची प्रतिक्रिया विमानाला वर उचलते, त्याच वळण्यातून वर-खाली दाबाचा फरक तयार होतो. न्यूटन आणि बर्नुली एकाच गोष्टीचे दोन हिशोब आहेत, त्यांचं भांडण लावायची गरज नाही.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. संचातले उडण्याच्या धड्यांचे सगळे फोटो डाव्या सीटवरून काढलेले. इन्स्ट्रक्टर बसतो उजवीकडे! सेसना १७२ मध्ये आपण विमानाच्या मध्यरेषेच्या बाजूला बसतो, त्यामुळे डावीकडे बसणाऱ्याला बरोबर घेतलेल्या डाव्या वळणात नाक वर गेल्यासारखं दिसतं आणि उजव्या वळणात खाली गेल्यासारखं. उजव्या सीटवर हे सगळं उलटं. शेकडो तास डावीकडे बसून डोळ्यांना जे वळण लागलेलं असतं ते इथं दगा देतं. त्यात बोलायचंही असतं. हात एक करतोय, तोंडानं दुसऱ्याला दिसतंय ते सांगायचंय, आणि विद्यार्थ्याला दिसणारं चित्र आपल्याला दिसतच नाही. भारतातल्या फ्लाइंग क्लबांत या बोलण्याला पॅटर म्हणतात. बारामतीला शिकलेली माझी एक मैत्रीण म्हणते तिथं आधी पॅटरच घोटून घेतात. संचात मात्र ‘प्रात्यक्षिक द्या’ एवढ्या दोन शब्दांवर विषय संपलेला. मग मी स्टीप टर्नचं, म्हणजे तीव्र वळणाचं, पान नव्यानं लिहिलं, आणि तिथून पुढे सगळेच उडण्याचे धडे त्याच पद्धतीनं.

ते पान कसं आहे ते सांगते, कारण मला हे कुणी आधी दाखवलं असतं तर बरं झालं असतं. एकच पान, एकच बाजू. वर प्रायव्हेट पायलटचा दर्जा: बँक (विमानाचा कल) ४५ अंश, पाच इकडेतिकडे, उंची शंभर फुटांच्या आत, वेग दहा नॉटच्या आत, बाहेर पडताना दिशा दहा अंशांच्या आत. मध्ये माझी वाक्यं, ज्या क्रमानं विमानात म्हणायची त्या क्रमानं. ‘आधी बाहेर बघ, दोन्हीकडे.’ ‘आता क्षितिज काऊलिंगला (इंजिनावरच्या आवरणाला) कुठे कापतंय ते तुझ्या बाजूनं मला सांग.’ हे वाक्य सगळ्यात कामाचं, कारण डाव्या सीटचं चित्र मला विद्यार्थीच देतो. ‘तीस अंशांनंतर मागे ओढ लागेल, ओढ, आणि थोडी पॉवर.’ बाजूला लहान अक्षरांत आकडे: ४५ अंशांना भार १.४ पट, ६० अंशांना दुप्पट. खाली तीनच चुका. इंग्रजीतच लिहिलंय अर्थात, शिकवायचं इंग्रजीत आहे. पण वाक्यं आधी मराठीत जुळवली तेव्हाच ती लहान झाली.

तिसरी तक्रार: संचातला सोलोपूर्वीचा लेखी पेपर. विद्यार्थ्याला एकट्याला सोडण्याआधी इन्स्ट्रक्टरनं त्याची लेखी चाचणी घ्यायचीच असते, एफएएच्या नियमांतल्या कलम ६१.८७ प्रमाणे. त्यात नियम हवेत, ज्या विमानतळावरून तो सोलो करणार तिथलं एअरस्पेस आणि कार्यपद्धती हवी, आणि ज्या मेक-मॉडेलचं विमान उडवणार त्याच्या मर्यादा हव्यात. मग चुकलेली प्रत्येक उत्तरं त्याच्यासोबत बसून बघायची. आता मला सांगा, विकतच्या पेपरला आमच्या समांतर धावपट्ट्या कशा ठाऊक असणार? हा पेपर कुणीही विकत घेऊन वापरू नये. आपल्या टॉवरला पहिला कॉल काय करायचा, उन्हाळ्यात दुपारी डेन्सिटी अल्टिट्यूड (विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची) किती चढते, रेडिओ बंद पडला तर दिव्याचे कुठले इशारे, असे प्रश्न आपणच काढायचे.

जुनेपणाबद्दल एक परिच्छेद पुरे. इन्स्ट्रक्टरच्या परीक्षेचं नवं एसीएस ३१ मे २०२४ पासून लागू झालं; माझ्या संचाचं मुखपृष्ठ बदललं होतं, आतली रचना त्याआधीच्या पीटीएस या जुन्या मानकाचीच होती. १ डिसेंबर २०२४ पासून इन्स्ट्रक्टरच्या सर्टिफिकेटवर मुदतीची तारीख छापणंही बंद झालं. आता दर २४ महिन्यांत अलीकडचा अनुभव दाखवायचा असतो. संचात अजून ‘सर्टिफिकेट संपतं’. परीक्षकांना नेमकं हेच विचारायला आवडतं. घेताना नमुन्याचं पान मागा आणि या दोन गोष्टी तपासा.

शिकवण्याच्या शास्त्राबद्दल मात्र संचाला फार दोष देत नाही. तो विषय अमेरिकेत सगळेच घोकतात आणि परीक्षेनंतर विसरतात. माझ्या नशिबानं घरात मास्तरीण होती. शिकण्याचे पहिले तीन नियम मांजरांवर प्रयोग करणाऱ्या थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाचे आहेत हे वाचून दाखवल्यावर आई म्हणाली, “तो मांजरवाला?” आणि सज्जतेचा, सरावाचा, परिणामाचा असे तिन्ही नियम डीएडला पाठ केलेल्या क्रमानं तिनं म्हणून दाखवले. त्यानंतर मी तो सगळा भाग तिच्याशी बोलूनच केला. घोकंपट्टी, समज, उपयोजन आणि दुसऱ्या ज्ञानाशी जोड या चार पायऱ्यांसाठी तिच्याकडे वर्गातलं उदाहरण तयार असायचं. मी त्याच्या जागी विमानातलं ठेवायचे.

ग्राउंडचे धडेही तिलाच शिकवायला लागले. विमानातलं काही न कळणारं पण शिकवणं कळणारं माणूस मिळालं तर सोडू नका. एकदा पी-फॅक्टर, म्हणजे प्रॉपेलरच्या दोन बाजूंची ओढ असमान झाल्यानं नाक वळतं तो परिणाम, शिकवत होते. हातात खेळण्यातलं विमान, मागे व्हाइटबोर्ड. संचातल्या प्लॅनप्रमाणे म्हणाले, खाली जाणारं पातं जास्त ओढतं, म्हणून नाक डावीकडे जातं. आई म्हणाली, “पंखा तोच, पाती तीच. मग सरळ जाताना का नाही जात?” हा प्रश्न प्लॅनमध्ये नव्हताच. उत्तर असं की नाक वर असेल, हवा तिरकी येत असेल, तेव्हाच खाली जाणाऱ्या पात्याचा हवेशी कोन वाढतो. सरळ वेगात जाताना दोन्ही पाती जवळजवळ सारखीच हवा कापतात. म्हणूनच १७२ धावपट्टीवर तिन्ही चाकांवर पळत असते तेव्हा डावीकडची ओढ मुख्यतः प्रॉपच्या झोताची आणि टॉर्कची असते. नाक उचललं की पी-फॅक्टर जाणवतो आणि उजवा पाय आणखी लागतो. खेळण्यातलं विमान तिरकं धरून दाखवलं तर हे पटकन कळतं. आता प्लॅनमध्ये त्या जागी मोठ्या अक्षरांत लिहिलंय: ‘सरळ जाताना का नाही?’ विद्यार्थ्यानं विचारलं नाही तर मीच विचारते.

बाकी सामान. व्हाइटबोर्ड लहान घेऊ नका, ट्रॅफिक पॅटर्न काढताना जागा पुरत नाही. चार रंगांचे मार्कर, वारा नेहमी एकाच रंगात. रंगीत टॅब लावलेला नियमांचा ग्रंथ आणि एसी ६१-६५, म्हणजे एन्डॉर्समेंटच्या मजकुराचं पत्रक, छापील हवं. ओरलमध्ये स्क्रीनवर शोधत बसलं की आत्मविश्वास गळतो, आपला आणि समोरच्याचाही. विमानात टॅबलेटवर भिस्त ठेवू नये. इथं जूनमध्ये कॉकपिटात तो तापतो आणि तापमानाची सूचना देऊन बंद पडतो. माझी एकपानी टाचणं नीबोर्डवर, म्हणजे मांडीवर बांधायच्या पाटीवर, असतात.

चेकराइडला जाताना दोन बाइंडर नेले: जाडा संच आणि माझी पानं. परीक्षकानं जाड्याकडे बघितलं, चाळला नाही. विचारलं एवढंच, की यातलं तू लिहिलेलं कुठलं? मी पातळ पुढे केला आणि त्यातून आठ-ऑन-पायलॉन्स (जमिनीवरच्या दोन खुणांभोवती, म्हणजे पायलॉनभोवती, आठच्या आकारात उडणं) शिकवायला सांगितलं गेलं. पिव्होटल उंचीचं (जिथून पायलॉन पंखाच्या टोकाशी स्थिर दिसतो त्या उंचीचं) सूत्र, जमिनीवरचा वेग नॉटमध्ये, त्याचा वर्ग भागिले ११.३, मी बोर्डवर लिहिलं. १०० नॉटला साधारण ८८५ फूट. पण प्रश्न सुरू झाले ते वाऱ्यावर: वेग कमी झाला की उंची का कमी करायची, आणि विद्यार्थी पायलॉन मागे पडतोय म्हणून रडर दाबायला लागला तर तुझा हात कुठे असेल? असल्या प्रश्नाला संचात उत्तर नसतं.

आता शिकवताना जाड्या संचातून मी काय काढते? एन्डॉर्समेंटची तपासणी यादी, चुकांची पानं, आणि जो विषय बरेच दिवस शिकवलेला नाही त्याचा संदर्भ रकाना. हवामान आणि नियमांचे प्लॅन बरे आहेत, थोडेच बदलावे लागले. उडण्याचे धडे जवळपास सगळे गेले.

कुणी घ्यावा? नोकरी करत तयारी करणाऱ्यानं जरूर घ्यावा, कोरा कागद भरण्यात त्याचे महिने जातील. अकॅडमीत पूर्णवेळ असणाऱ्यानं आधी वरच्या बॅचकडून एखादं बाइंडर मागून बघावं आणि लिहायला बसावं. एफएएची मूळ हँडबुकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, आणि विकतच्या संचातला बराचसा मजकूर तिथूनच आलेला असतो. माझा संच मिळेल का असं दोन-तीन जणींनी विचारलंय. लायसन्स एकाच नावावर आहे, त्यामुळे तो देता येणार नाही. एकपानी टाचणं मागाल तर पाठवते, पण त्यातले वेग आणि मर्यादा १७२ एसच्या आहेत आणि उंच्या आमच्या विमानतळाच्या, तेव्हा आपापल्या विमानाचं पीओएच (विमानासोबत येणारी माहितीपुस्तिका) उघडून आकडे बदलल्याशिवाय वापरू नका.