प्रोटीन डेटा बँक: विकराला प्रतिपिंड कसे रोखते, हे दाखवणारी सेवा

रोगप्रतिकारशास्त्र शिकवताना मी प्रोटीन डेटा बँकेचे संकेतस्थळ गेली काही वर्षे नेमाने वापरते आहे. १९७१ मध्ये प्रथिनांच्या अवघ्या ७ त्रिमितीय रचनांनिशी सुरू झालेल्या या भांडारात आज दोन लाखांहून अधिक रचना आहेत आणि त्या पाहण्यासाठी ना पैसे मोजावे लागतात, ना नाव नोंदवावे लागते. तिची खरी किंमत मला कळली ती फॅक्टर डी या विकराचा (एन्झाइमचा) पाठ घेताना.

फॅक्टर डी हे पूरक प्रथिनांच्या (कॉम्प्लिमेंट), म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांच्या प्रणालीतले, मुख्यतः चरबीच्या पेशींत तयार होणारे विकर असून सी३बी या प्रथिनाला चिकटलेल्या फॅक्टर बीला ते कापते. त्याला रोखणारे प्रतिपिंड (अँटिबॉडी) विकराच्या क्रियाशील स्थानातच, म्हणजे कापणी होते त्या खाचेतच, बूच मारून बसत असेल, असे विद्यार्थी गृहीत धरतात, आणि पाठ्यपुस्तकातली कुलूप-किल्लीची आकृतीही त्यांना तेच सुचवते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४डी९क्यू (4D9Q) आणि ४डी९आर (4D9R) या क्रमांकांच्या, प्रतिपिंडाला जोडलेल्या फॅक्टर डीच्या रचनांपैकी कोणतीही उघडली की हा समज गळून पडतो. कापणी करणारी हिस्टिडिन ५७, अस्पार्टेट १०२ आणि सेरिन १९५ ही अमिनो आम्लांची त्रयी एका बाजूला उघडीच राहते आणि प्रतिपिंडाचा तुकडा तिच्यापासून दूर, फॅक्टर बीला धरून ठेवणाऱ्या जागेवर बसलेला दिसतो. म्हणूनच लहान कृत्रिम रेणू या विकराकडे अजूनही पोहोचू शकतात. अडते ते फक्त मोठ्या फॅक्टर बीचे.

संकेतस्थळावरच्या मोलस्टार या दर्शकात एखाद्या अमिनो आम्लावर क्लिक केले की त्याच्या आसपासची आम्ले काड्यांच्या रूपात उमटतात आणि त्यांच्यातले बंध तुटक रेषांनी दिसतात. दोन अणू निवडून त्यांच्यातले अंतरही मोजता येते. मला सर्वांत मोलाचे वाटते ते दोन रचना एकमेकींवर बसवून पाहण्याचे साधन. सी३बी, फॅक्टर बी आणि फॅक्टर डी हे तिघे एकत्र असलेली २०१० ची २एक्सडब्ल्यूबी (2XWB) ही रचना प्रतिपिंडाच्या रचनेसोबत घ्यावी आणि दोन्हींतले फॅक्टर डी एकावर एक आणावे. मग प्रतिपिंड आणि फॅक्टर बी एकाच जागेवर हक्क सांगत एकमेकांत घुसलेले दिसतात. फॅक्टर बीला धरणारी ती जागा कापणीच्या जागेपासून सुमारे २५ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) दूर आहे, हे वाक्य मी अनेकदा फळ्यावर लिहिले होते. वर्गाला ते पटले मात्र हे दृश्य पाहिल्यावरच.

नवख्या माणसाला थोडा धीर धरावा लागेल. अवघ्या २२८ अमिनो आम्लांच्या या प्रथिनातले क्रमांक कायमोट्रिप्सिन या त्याच्याच कुळातल्या पचनविकराच्या धर्तीवर दिलेले असतात, त्यामुळे सरळ मोजणी करणारा विद्यार्थी गोंधळतो. पाठाआधीच ते समजावून सांगणे बरे. शिवाय ही स्फटिकातली, थिजलेली रचना आहे. रेणूची हालचाल तीत दिसत नाही, म्हणून मूळ शोधनिबंध शेजारी उघडा ठेवूनच ती वाचावी.

रचना कितीही नेटकी असली तरी औषध यशस्वी होतेच असे नाही, हेही मी याच पाठात सांगते. या प्रतिपिंडापासून घडवलेले लॅम्पालिझुमॅब डोळ्याच्या पडद्यावरील जिऑग्राफिक ॲट्रॉफी या विकारासाठी क्रोमा आणि स्पेक्ट्री या तिसऱ्या टप्प्यातील चाचण्यांत तपासले गेले आणि २०१७ मध्ये ते विकाराची वाढ रोखू शकत नसल्याचे निष्पन्न झाले. रेणूच्या पातळीवर प्रतिपिंडाने आपले काम चोख केले, तरी दृष्टी गमावणाऱ्या रुग्णांच्या हाती काही लागले नाही, याची हळहळ मला ती रचना उघडताना दर वेळी वाटते. पुढच्या सत्रात डॅनिकोपॅन हे फॅक्टर डीला रोखणारे, तोंडाने घ्यायचे औषध शिकवायचे आहे. तेव्हा लहान रेणू क्रियाशील स्थानात कसा शिरतो ते याच दर्शकात, प्रतिपिंडाची रचना शेजारी ठेवून दाखवणार आहे.