जुन्या वर्कस्टेशनला दुसऱ्या कंपनीची डिस्क: साटा, एनव्हीएमई की सॅस?

लगीनसराईच्या तोंडावर सांगली-मिरजेतले व्हिडिओ एडिटर कंपन्यांतून निघालेलं जुनं वर्कस्टेशन घेतात. झिऑन प्रोसेसर, भरपूर रॅम, पण डिस्क काढून घेतलेली. मशीनच्याच कंपनीची डिस्क शोधत बसू नका. त्यावर शिक्का कंपनीचा असला, तरी आत बहुतेक वेळा सीगेट, सॅमसंग यांचाच माल असतो. निवड करायची ती प्रकाराची: साटा, एनव्हीएमई आणि सॅस हे डिस्क मशीनला जोडण्याचे तीन प्रकार.

साटा एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, सगळ्यात बिनघोर. सेकंदाला साधारण ५५० एमबी वेग, आणि विंडोज तिच्यावरून कुठल्याही मशीनवर सुरू होतं. २.५ इंची डिस्क ३.५ इंची कप्प्यात सैल बसते, ती घट्ट बसवायची पट्टी (ब्रॅकेट) तेवढी आणा.

एनव्हीएमईचा वेग पीसीआयई ३.० वर, म्हणजे मदरबोर्डवरच्या कार्डाच्या जोडणीवर, ३,५०० एमबीपर्यंत जातो. फोर-केचं फुटेज ओढताना फरक डोळ्यांना दिसतो. पण जुन्या मशीनला तिचा स्लॉट नसतो, कार्डावर बसवावी लागते, आणि इथे मशीनची पिढी आडवी येते. एचपीचं झेड ४४० अशा डिस्कवरून सुरू होतं, फक्त बायोस (मशीन सुरू करणारा आतला प्रोग्रॅम) नवा करून घ्या. त्याच्या आधीच्या झेड ४२० वर विंडोजला डिस्क दिसते, पण मशीन तिच्यावरून सुरू होत नाही. ४२० असेल तर विंडोज साटावर आणि चालू प्रोजेक्ट एनव्हीएमईवर ठेवा; काम उत्तम होतं.

खरेदी करताना कडेच्या खाचा बघा. मी एकदा घाईत एम डॉट टू आकाराची, म्हणजे च्युइंगगमच्या पट्टीसारखी छोटी, साटा एसएसडी आणली आणि एनव्हीएमईच्या कार्डात बसवली. दोन दिवस कार्डालाच दोष देत होतो. कडेला दोन खाचा असलेली अशी एसएसडी बहुधा साटा असते, ती त्या कार्डावर दिसतच नाही.

सर्व्हरमधून निघालेल्या सॅस डिस्क स्वस्त आणि मोठ्या मिळतात, मोह होतो. त्या साटाच्या पोर्टात बसत नाहीत, वेगळं कंट्रोलर कार्ड लागतं. उलट साटा डिस्क सॅस कंट्रोलरवर चालते. काही सॅस डिस्कचा सेक्टर, म्हणजे डेटा साठवायचा सर्वांत लहान तुकडा, ५२० बाइटचा असतो. ५१२ वर फॉरमॅट केल्याशिवाय विंडोज त्या घेत नाही, आणि त्यात तासन्‌तास जातात. एकट्या एडिटरनं या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याला आणखी एक कारण आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावात शिरलं तेव्हा मशीन उचलणं शक्य नव्हतं. डिस्क तेवढ्या काढून पिशवीत घातल्या. साटा डिस्क दोन दिवसांनी पाहुण्यांच्या लॅपटॉपला यूएसबी केबलनं लावली आणि लोकांच्या लग्नांचं फुटेज सुखरूप दिसलं. सॅस डिस्क त्या केबलवर उघडली नसती. रेड शून्यात, म्हणजे डेटा दोन डिस्कवर वाटून ठेवणाऱ्या पद्धतीत, जोडलेल्या दोन डिस्कपैकी एकटी लावली, तरी काही हाती लागत नाही.

डिस्क बसवूनही विंडोजच्या इन्स्टॉलरला दिसली नाही, तर बायोसमध्ये साटाचा मोड बघा. तो रेडवर असेल तर एएचसीआय (साटा डिस्कचा साधा मोड) करा. विंडोज आधीच टाकलेलं असेल तर मोड थेट बदलू नका, निळा पडदा येतो. आधी सेफ मोड लावून रीस्टार्ट करा, त्याच वेळी बायोसमध्ये मोड बदला आणि विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्या. दोन टीबीच्या वरची हार्ड डिस्क जीपीटी या विभागणीच्या नव्या पद्धतीनं फॉरमॅट करा, नाहीतर वरची जागा वापरताच येत नाही.