सातपूरचे रेडियमवाले काका: आमच्या स्पीड कारचं आर्टवर्क आणि त्यातून मिळालेले स्पॉन्सर

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कुठे कापला ते खाली येईलच, पण नाशिकमध्ये कोणी रेसिंगची गाडी, बाईक, गो-कार्ट काहीही बनवत असेल आणि स्पॉन्सर शोधत असेल तर हे पूर्ण वाचा, कारण हा नुसता स्टिकरच्या दुकानाचा रिव्ह्यू नाहीये.

आधी गाडीबद्दल. आम्ही चार मित्र अंबडला भाड्याच्या गाळ्यात लँड स्पीड कार बनवतोय. हायाबुसाचं १३४० सीसी इंजिन, पाइपची फ्रेम, वरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा रिव्हेट मारून बसवलेला, लांब आणि एकदम बुटकी, ड्रायव्हर आत जवळजवळ झोपूनच असतो. रस्त्यावर चालवायची गाडी नाहीच ही, ट्रेलरवरूनच न्यायची. खेळ एवढाच की सरळ रेषेत जेवढं पळता येईल तेवढं पळायचं, वळण नाही, ओव्हरटेक नाही. अमेरिकेत युटामध्ये बॉनव्हिलला मिठाचं मोठं मैदान आहे, तिथे १९४९ पासून स्पीड वीक भरतो आणि लोक आपापल्या गॅरेजमध्ये बनवलेल्या गाड्या घेऊन येतात. आमचं स्वप्न तेच आहे, त्याआधी इकडे एअरस्ट्रिपवर टेस्टिंग.

आता अडचण बघा. नाशिकला रॅली नवीन नाही, इथल्या लोकांनी वर्षानुवर्षं रॅलीच्या गाड्या धूळ उडवत जाताना बघितल्यात, त्यामुळे रॅलीसाठी कोणाकडे गेलात तर शेठला निदान चित्र तरी डोळ्यासमोर येतं. आमच्या खेळात बघायला कोणी नसतंच. ताशी ३०० किलोमीटरने एक मैल म्हणजे साधारण १९ सेकंद, आणि प्रेक्षक असलेच तरी सेफ्टीसाठी लांब उभे. मग स्पॉन्सर विचारतो, माझा लोगो दिसणार कुणाला? प्रश्न अगदी बरोबर आहे त्याचा, आणि त्याचं उत्तर तयार ठेवल्याशिवाय कोणाच्या केबिनमध्ये जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

काकांकडे जायच्या आधी आम्ही एका जाहिरात एजन्सीकडून काम करून घेतलं होतं. नाव लिहीत नाही. त्यांनी भलंमोठं प्रेझेंटेशन बनवून दिलं, त्यात ज्वाळा, गरुड, नेटवरून उचललेले परदेशी गाड्यांचे फोटो आणि 'ब्रँड व्हिजिबिलिटी' हा शब्द पानोपानी. आमची स्वतःची गाडी त्यात शेवटी शेवटी, तीही अर्धवट बनलेली. पैसे चांगलेच घेतले आणि त्या फाईलवर एकही मीटिंग पुढे सरकली नाही.

मग एका वेल्डरने काकांचं नाव सुचवलं. सातपूरला त्र्यंबक रोडपासून थोडं आत दुकान आहे. दुकानाचं नाव टाकू नको असं त्यांनीच सांगितलंय, आधीच काम आवरत नाही म्हणतात, पण त्या भागात रेडियमवाले काका कुठे बसतात म्हणून विचारलंत तर कोणीही दाखवेल. काका आधी ब्रशने बोर्ड रंगवायचे, ट्रकच्या मागचं काम करायचे, मग रेडियम आलं, नंबर प्लेट आल्या, आता एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट आल्यापासून प्लेटचं कामही गेलं. सध्या टेम्पो, स्कूल बस आणि कंपन्यांचे सेफ्टी बोर्ड करतात. कॉम्प्युटर त्यांची मुलगी सांभाळते, आम्ही ताईच म्हणतो तिला. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये तिचा हात असा चालतो की बघत बसावं.

पहिल्याच दिवशी काकांनी रंग, डिझाइन, बजेट यातलं काहीच विचारलं नाही. त्यांचा पहिला प्रश्न, "गाडीचा फोटो कुठून काढणार?" आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. मग म्हणाले, "गाडी पळताना कोण वाचणार आहे? उभी असतानाच वाचणार. उभी कुठे असते ते सांगा."

तिथेच मला कळलं की माणूस योग्य मिळालाय. कारण खरंच तसंच आहे. एफआयए म्हणजे मोटरस्पोर्टची आंतरराष्ट्रीय संघटना, तिच्या रेकॉर्डसाठी दोन रन लागतात, उलटसुलट दिशेने, आणि दुसरा रन तासाभरात व्हायला लागतो. म्हणजे काही सेकंद पळणं आणि बाकीचा वेळ गाडी उभी, तिच्याभोवती टीम, इंधन भरणं, गाडी थांबवायचं पॅराशूट परत पॅक करणं, टायर बघणं. सगळे फोटो, सगळे व्हिडिओ त्याच वेळचे. शिवाय वर्षभर गाडी गाळ्यातच असते, तिथले रील्स वेगळेच.

नंतर काका स्वतः गाळ्यावर आले, सोबत खाकी कागदाचा रोल, मास्किंग टेप आणि खडू. गाडी बुटकी असल्यामुळे उभ्या माणसाने काढलेल्या फोटोत वरचा पत्रा जास्त येतो आणि बाजूची पट्टी दबते, हे त्यांनी मोबाईलने फोटो काढूनच दाखवलं. मग उकिडवे बसून काढला, मग शेपटीच्या बाजूने. प्रत्येक फोटोत कुठली जागा मोठी दिसते तिथे खडूने खूण. कॉकपिटच्या शेजारची जागा सगळ्यात महाग ठेवा म्हणाले, कारण ड्रायव्हर बाहेर येताना फोटो निघणारच निघणार. शेपटीचा उभा फिन, म्हणजे माशाच्या परासारखा पत्रा, दुसऱ्या नंबरला, तो लांबूनही दिसतो. वरचा पत्रा ड्रोनसाठी. नाकाजवळ काही देऊ नका, तिथे खडे लागून सगळं सोलवटणार आणि स्पॉन्सर नाराज होणार. अशा रीतीने आमचं रेटकार्ड खाकी कागदावर खडूने तयार झालं, आणि ते एजन्सीच्या अख्ख्या फाईलपेक्षा कामाचं निघालं.

पुढचं काम ताईचं. ज्या कोणाला भेटायचं त्याचा लोगो आमच्या गाडीच्या खऱ्या फोटोवर बसवून एथ्री साइजची प्रिंट. प्रत्येकासाठी वेगळी. ऐकायला सोपं वाटतं पण आपल्याकडच्या छोट्या कंपन्यांचे लोगो कसे येतात माहितीये ना, व्हॉट्सअ‍ॅपवर दहा वेळा फॉरवर्ड झालेला जेपीजी किंवा व्हिजिटिंग कार्डाचा तिरका फोटो. तो मोठा केला की फाटतो. ताईने असे सगळे लोगो रेषेरेषेने परत काढून व्हेक्टर केले, म्हणजे कितीही मोठे केले तरी फाटत नाहीत, आणि त्या फाईल आम्हाला दिल्या, आम्ही त्या स्पॉन्सरला भेट म्हणून दिल्या. एका बेअरिंगवाल्याने आता त्याच फाईलवरून दुकानाचा बोर्ड केलाय.

आणि त्या प्रिंटचा परिणाम सांगतो. सातपूरचे एक पावडर कोटिंगवाले शेठ, बोलायला एकदम कमी, घड्याळ बघतच बसले होते. प्रिंट टेबलावर ठेवली. ती त्यांनी जवळ ओढली, चष्मा वर केला, आपल्या लोगोवर बोट ठेवून म्हणाले, "हे जरा मोठं होईल का?" बास. स्पीड किती, रेकॉर्ड कुठला, काही विचारलं नाही. आपली जागा दिसल्यावर माणूस ती सोडत नाही. फ्रेमचं सगळं कोटिंग त्यांनी मोफत केलं, आणि लोगो खरंच जरा मोठा केला आम्ही.

रोख पैसे कमी मिळतात हे मात्र आधीच डोक्यात पक्कं करून घ्या. नाशिकमध्ये जे मिळतं ते काम मिळतं, माल मिळतो. सीएनसीवर हब टर्निंग, लेझर कटिंग, बेअरिंग, होज पाइप. यात कमीपणा काहीच नाही. १९६५ ला कॅलिफोर्नियाच्या समर्स बंधूंनी गोल्डनरॉड नावाची गाडी बॉनव्हिलला ताशी ४०९ मैलांनी पळवली, तिच्यातली चार इंजिनं क्रायस्लरने दिलेली आणि टायर फायरस्टोनचे. त्याआधी १९६३ ला क्रेग ब्रीडलव्हने जेट इंजिनच्या स्पिरिट ऑफ अमेरिकाने ४०७ मैल गाठले तेव्हा त्याच्यामागे शेल आणि गुडइयर होते. त्या काळात गुडइयर आणि फायरस्टोनची आपसातच चुरस लागली होती, त्याचा फायदा गाडीवाल्यांना झाला. काकांना हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले, मग दोन्ही टायरवाल्यांना प्रिंट दाखवा.

अजून एक, सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामांसाठीचा खर्च. मोठ्या कंपनीत गेलं की कोणीतरी म्हणतंच, सीएसआरमधून बघा. तिकडे वेळ घालवू नका. जाहिरातीचा फायदा घेण्यासाठी दिलेली स्पॉन्सरशिप सीएसआरमध्ये धरता येत नाही असं त्या नियमांतच लिहिलेलं आहे. मार्केटिंगवाल्यांना भेटा नाहीतर थेट मालकाला. छोट्या कंपनीत मालकच भेटतो आणि चहा संपायच्या आत हो की नाही कळतं, म्हणून मला एमआयडीसीतले छोटे गाळे जास्त आवडतात.

आता प्रत्यक्ष स्टिकरच्या कामाबद्दल, कारण इथे काकांचा हात बघण्यासारखा आहे. साधं व्हिनाइल, म्हणजे स्टिकरची शीट, स्वस्त असतं पण ते जाड असतं आणि उन्हाने आकसतं, सपाट टेम्पोवर चालून जातं, रिव्हेटवर टिकत नाही. आमच्या पत्र्यावर रिव्हेटच रिव्हेट. काकांनी सरळ सांगितलं कास्ट व्हिनाइल घ्या, ते पातळ असतं आणि कमी आकसतं, पण महाग पडेल. पडलंच, साध्याच्या कितीतरी पट. पण लावताना बघितलं तेव्हा पटलं. पहाटे काम चालू केलं, कारण ऊन चढून पत्रा तापला की गोंद लगेच पकडतो आणि शीट हलवता येत नाही. प्रत्येक रिव्हेटच्या कडेला पिनने बारीक टोचून हवा काढायची, हीट गन लांबूनच फिरवायची, आणि मग छोट्या गोल ब्रशने चारी बाजूंनी दाबत आणायचं की रिव्हेटचं डोकं उठून दिसलं पाहिजे पण खाली हवा नको. एकेका रिव्हेटला एवढा वेळ देणारा माणूस मी तरी दुसरा बघितला नाही. लावून झाल्यावर नखाने कड उचलून बघितली, उठली नाही.

जोड कुठे घ्यायचे हेही महत्त्वाचं. पुढचा तुकडा मागच्याच्या वर चढला पाहिजे, घरावरची कौलं रचतो तसं, म्हणजे हवा जोडावरून निघून जाते, आत शिरत नाही. उलटं लावलं तर त्या स्पीडला वारा कड पकडतो आणि अख्खी शीट सोलून नेतो. काकांना हे सांगावं लागलं नाही, हायवेच्या बसवर आयुष्य गेलंय त्यांचं. रंगाचंही तसंच, ताज्या रंगावर लगेच लावायला त्यांनी नकार दिला, आतलं सॉल्व्हंट बाहेर यायला जागा राहत नाही आणि फुगे येतात. आम्हाला घाई होती, थांबायला लावलं, बरं झालं.

सेफ्टीच्या खुणा त्यांनी स्वतः मागून घेतल्या. मेन स्विचसाठी पांढऱ्या कडेच्या निळ्या त्रिकोणात लाल विजेची खूण, त्रिकोणाचा पाया किमान १२ सेंटीमीटर, आणि आग विझवायच्या हँडलपाशी लाल कडेच्या पांढऱ्या गोलात लाल ई, गोल किमान १० सेंटीमीटरचा. या खुणांच्या आसपास एकही लोगो नको असं काकांचं म्हणणं, पैसे कितीही मिळोत, ट्रॅकवरचा सेफ्टी मार्शल धावत आला तर त्याला शोधायला लागता कामा नये. यासाठी मी त्यांना मनापासून मानतो. आम्ही त्यापायी विकता आली असती अशी एक चांगली जागा रिकामी सोडली आणि ते योग्यच आहे.

गाडीचं नाव 'सुसाट', ते मात्र व्हिनाइलमध्ये केलं नाही. काकांनीच विचारलं, ब्रशने लिहू का? एनॅमल रंग, एक जुना लांब केसांचा ब्रश, आणि हाताला टेकू म्हणून काठी. शिरोरेघ एका दमात ओढली, फिनच्या टोकापर्यंत, आणि तिथे ब्रश उचलताना रेघ आपोआप निमुळती झाली. गाळ्यातली बाकीची पोरं कामं सोडून बघायला उभी होती. स्पॉन्सरच्या लोगोंपेक्षा फोटो जास्त त्याचेच निघतात आता, आणि स्पॉन्सरही तक्रार करत नाहीत.

अर्धा स्टार वेळेमुळे गेला. काका तारीख देतात पण पाळत नाहीत. गणपतीच्या आधी, निवडणूक लागली की, आणि आता सिंहस्थाच्या बोर्डांमुळे त्यांच्याकडे उभं राहायला जागा नसते, आणि फोनही ते उचलत नाहीत, जाऊन बसावं लागतं. एका स्पॉन्सरचा केशरी रंग पहिल्या प्रिंटमध्ये विटकरी आला होता, तो त्यांनी न बोलता बदलून दिला, पैसे घेतले नाहीत, पण त्यात आमची एक मीटिंग पुढे गेली. बिल जीएसटीचं मिळतं, मागितल्यावर लगेच, जे स्पॉन्सरला खर्च दाखवताना फार उपयोगी पडतं.

जाणार असाल तर गाडीचे फोटो तीन उंचीवरून काढून न्या, स्पॉन्सरचा लोगो शक्यतो पीडीएफमध्ये मागवा, आणि रंगाचा नमुना म्हणून त्यांचं छापील लेटरहेड न्या, मोबाईलच्या स्क्रीनवर दाखवू नका. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या गेलात तर ताई निवांत असते. शनिवारी दुपारनंतर स्कूल बसवाल्यांची रांग असते, तेव्हा जाऊ नका.