पगारपत्रक सीएकडे पाठवायचंय: कुलूपबंद झिप की गूगल ड्राइव्हची लिंक?

सेव्हन-झिप या फाइली बांधून कुलूप लावणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये झिप फॉरमॅट निवडलात, तर एन्क्रिप्शन (पासवर्डशिवाय मजकूर वाचता येऊ नये म्हणून लावलेलं कुलूप) आपोआप 'झिपक्रिप्टो' पद्धतीचं राहतं. ते जुनं आणि कच्चं आहे. 'एईएस-२५६' ही भक्कम पद्धत स्वतः निवडावी लागते. तरीही आतल्या फाइलींची नावं उघडीच दिसतात. 'पगारकपात_यादी' हे नावच पुरेसं बोलकं! त्यापेक्षा सेव्हन-झिपचा स्वतःचा '७झेड' फॉरमॅट घ्या आणि 'एन्क्रिप्ट फाइल नेम्स'वर खूण करा. पासवर्ड त्याच मेलमध्ये नको, फोनवर सांगा. पॅन नंबर तर पासवर्ड म्हणून नकोच, तो निम्म्या ऑफिसला ठाऊक असतो. जीमेलची मर्यादा २५ एमबी. आणि एकदा गेलेली प्रत परत मागवता येत नाही.

ड्राइव्हवर ती सोय आहे: काम झालं की सीएचं नाव काढायचं, प्रवेश बंद. मात्र शेअर करताना 'रिस्ट्रिक्टेड' ठेवून त्यांचा ईमेल घाला. घाईत 'एनीवन विथ द लिंक' केलंत, तर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेली लिंक कुणीही उघडेल. डाउनलोड बंद केलं तरी स्क्रीनचा फोटो थांबत नाही.

दरमहा बदलणाऱ्या पत्रकाला आम्ही लिंकच घेऊ, दोन्हीकडच्या खात्यांना टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक पडताळणी) चालू असेल तर. समोरच्याकडे गूगल खातंच नसेल, तर ७झेड.