‘ऑनेस्ट’ला मराठीत काय म्हणायचं? प्रामाणिक, इमानी, शीलवती की नेक

शेक्सपिअरचं ‘ऑथेल्लो’ हे नाटक मराठीत आणणाऱ्याला ‘ऑनेस्ट’ आणि ‘ऑनेस्टी’ मिळून पन्नासेक वेळा भेटतात. शेक्सपिअरच्या काळी हा शब्द पुरुषाला लावला की सचोटी, बाईला लावला की बहुधा शील, आणि वरिष्ठानं हाताखालच्याला लावला की नुसती पाठीवरची थाप: ‘भला गडी आहेस.’

‘प्रामाणिक’ आधी सुचतो आणि इयागोपुरता, म्हणजे सेनापती ऑथेल्लोच्या कपटी निशाणदारापुरता, चालतोही. पण तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात ऑथेल्लो आपल्या बायकोला, डेस्डिमोनाला, ‘ऑनेस्ट’ म्हणतो, तिथं ‘प्रामाणिक’ घातलात तर ती खोटं बोलत नाही एवढंच प्रेक्षकाला कळतं. तिच्या शीलाबद्दलचा संशय बोथट होतो. ‘शीलवती’ किंवा ‘पतिव्रता’नं तो धारदार होतो, पण हे शब्द इयागोला लावता येत नाहीत. हे नुकसान फार मोठं आहे, कारण नवरा जो शब्द निशाणदाराला बहाल करत सुटतो, तोच बायकोकडून हिसकावून घेतो. ‘इमानी’त चाकरीचा वास आहे. बढती हुकलेल्या इयागोला तो बरोबर बोचेल. डेस्डिमोनाला मात्र तोकडा पडतो.

प्रयोगासाठी ‘नेक’च घ्यावा. ‘नेक इयागो’, ‘माझी बायको नेक आहे’, दोन्ही जिभेवर सहज बसतात. शब्द जरा जुना वाटतो, पण सेनापतीच्या तोंडी शोभतो. एक जागा मात्र सांभाळा: त्याच प्रवेशात ऑथेल्लो म्हणतो, बायको ‘ऑनेस्ट’ वाटते आणि वाटतही नाही, इयागोबद्दलही तसंच, पण त्याला शब्द वापरतो ‘जस्ट’. तिथं इयागोला ‘खरा’ म्हणा. दोघांनाही ‘नेक’ केलंत, तर मुळातला फरक पुसला जाईल.

छापील, टिपांसह आवृत्तीत अर्थागणिक शब्द बदलला तरी चालेल. तुटलेला धागा टीप जोडून देते.

हा निर्णय शेक्सपिअरच्या दुसऱ्या नाटकाला जसाच्या तसा लावू नये. ‘हॅम्लेट’मध्ये हॅम्लेट आपल्या प्रेयसीला, ऑफेलियाला, ‘ऑनेस्ट आहेस का?’ विचारतो आणि लगेच सौंदर्याकडे वळतो, म्हणजे रोख शीलावर. पण तिचा बाप आडून ऐकत असताना तो घरी असल्याचं ती सांगते, म्हणून खरेपणाचा अर्थही जागा ठेवायला हवा. ‘शीलवती’नं ती वाट बंद होते. ‘ॲज यू लाइक इट’मधली शेळ्या राखणारी ऑड्री काव्य हे बोलण्या-वागण्यात ‘ऑनेस्ट’ असतं का, असं विचारते, आणि विदूषक टचस्टोन तोच शब्द तिच्या शीलाकडे वळवतो. तिथं ‘सरळ’ उत्तम: सरळ बोलणं आणि सरळ चालीची बाई, दोन्ही त्यात मावतात.