न बदललेल्या व्हॉल्व्हचं बिल

पोहण्याच्या तलावाच्या फिल्टरवरचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह (हँडल फिरवून पाण्याची वाट बदलणारा) गळतोय म्हणून कोणी तुम्हाला अख्खा व्हॉल्व्ह आणि फिल्टरच्या टाकीतली पाणी गाळणारी सगळी वाळू बदलायला सांगत असेल, तर होकार देण्याआधी हे वाचा. आमच्या संकुलाच्या तलावावर नेमकं हेच झालं. देखभालीचा व्यवहार माझ्यामार्फत होतो, त्यामुळे बोलणी माझ्याशी झाली आणि बिलही माझ्याच हातात आलं. कंत्राटदाराचं नाव इथे देत नाही. ही पद्धत एकट्या त्याची नसावी, म्हणून पद्धतच सविस्तर लिहितो.

तक्रार साधी होती. हँडल ‘फिल्टर’वर असताना वेस्टच्या, म्हणजे पाणी बाहेर टाकायच्या पाइपातून करंगळीएवढी धार वाहत होती. तिथून पाणी फक्त बॅकवॉश (उलटं पाणी सोडून वाळू धुणं) करताना, रिन्स (नंतर सुलट पाण्याने ती खंगाळणं) करताना किंवा मुद्दाम तलाव उपसताना यायला हवं. एरवी तो पाइप कोरडा. आमच्याकडे तो कोरडा राहीना आणि तलावाची पातळी रोज उतरत होती.

पाणी उन्हावाऱ्याने आटतंय की गळतंय, हे घरच्या घरी कळतं. तलावाचंच पाणी बादलीत भरायचं, बादली पायरीवर अर्धी बुडेल अशी ठेवायची, बादलीच्या आतल्या आणि बाहेरच्या पातळीवर खूण करायची आणि २४ तासांनी बघायचं. दोन्हीकडे पाणी सारखंच उतरलं असेल तर ते आटलं. बाहेरचं जास्त उतरलं असेल तर गळती आहे. एकदा पंप चालू ठेवून आणि एकदा बंद ठेवून केलं तर आणखी उलगडा होतो. आमच्याकडे पंप चालू असतानाच फरक पडत होता. तलावाचं क्षेत्रफळ ५० चौरस मीटर धरलं तर पातळी १ सेंटिमीटर उतरणं म्हणजे ५०० लिटर पाणी गेलं, आणि त्याबरोबर त्यात घातलेली औषधंही.

आमचा नेहमीचा मेकॅनिक बाहेरगावी होता, म्हणून दुसऱ्याला बोलावलं. माणूस बोलायला गोड, गणवेशातली पोरं सोबत, हातात कसलंसं मीटर. त्याने आधी तलावाभोवती एक फेरी मारली, फरशीवर दोन ठिकाणी टकटक केलं आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “साहेब, खालची लाइन गेली असणार. फरशी उखडावी लागेल.” ऐकून पोटात गोळा आला. थोड्या वेळाने तोच म्हणाला, “थांबा, आधी पंपरूम बघू, नशीब असेल तर वरच भागेल.” आता मागे वळून पाहताना वाटतं, सगळा सौदा या दोन वाक्यांत ठरला होता. फरशी उखडण्याच्या धास्तीपुढे व्हॉल्व्हचा खर्च म्हणजे सुटका वाटावी, अशीच ती मांडणी होती.

पंपरूममध्ये त्याने पंप चालू असतानाच हँडल दाबून फिरवलं. हे कोणी करताना दिसलं की तिथेच थांबवा. पंप चालू असताना आतल्या चक्रीवर पाण्याचा दाब असतो, अशा वेळी ती फिरवली तर खालचं रबर ओढलं जातं, उचलतं, फाटतं. फिल्टरशी रोज काम करणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसतं यावर माझा विश्वास नाही. त्याने हँडल ‘फिल्टर’च्या खाचेत पुरतं बसू न देता जरासं अलीकडे ठेवलं. वेस्टच्या वाटेवरच्या काचेच्या नळीत लगेच जोराची धार दिसली. “बघा, बॉडीच गेली.” हँडल दोन खाचांच्या मध्ये ठेवलं तर कारखान्यातून आलेल्या कोऱ्या व्हॉल्व्हमधूनही पाणी दोन्हीकडे जाणारच.

मग त्याने तडा दाखवला. मोबाइलचा उजेड तिरपा धरून व्हॉल्व्हच्या बुडाशी एक केसासारखी रेघ दाखवली, नख फिरवायला लावलं. नखाला ती लागतही होती. आता मला माहीत आहे की ती साच्याची रेघ. प्लास्टिकचा भाग साच्याच्या दोन अर्ध्या भागांत ओततात, ते भाग जिथे जुळतात तिथे अशी बारीक कड उठते. ती सरळ असते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारखी जाते आणि बहुतेक वेळा समोरच्या बाजूलाही तिची जोडीदार सापडते. खरा तडा वाकडातिकडा जातो, बरेचदा एखाद्या स्क्रूच्या भोकापासून किंवा आट्यांपासून सुरू होतो आणि दाब आला की त्यातून पाणी पाझरतं. जागा फडक्याने कोरडी करून तिच्यावर कागदी रुमाल दाबून धरला आणि पंप चालू केला की रुमाल ओला होतो की नाही, एवढ्यावर निकाल लागतो. आमच्या बॉडीच्या बाहेरच्या अंगाला ओलसरपणाही नव्हता. पाणी आतल्या आत चुकीच्या वाटेने जात होतं, बाहेर एक थेंबही पडत नव्हता.

ते का जात होतं, यासाठी आत काय असतं ते सांगायला हवं. मल्टिपोर्टच्या हँडलला सहसा ६ जागा असतात: फिल्टर, बॅकवॉश, रिन्स, वेस्ट, रिसर्क्युलेट आणि बंद. हँडलखाली दांडा, दांड्याला चक्री, वरून जाड स्प्रिंग. चक्री खालच्या कप्प्यांवर दाबून बसते आणि मध्ये असतं गाडीच्या चाकासारखं आऱ्यांचं एक रबरी गॅस्केट. प्रत्येक आरा एका कप्प्याला दुसऱ्यापासून वेगळं ठेवतो. एक आरा उचलला, झिजला किंवा त्याच्याखाली वाळूचे कण अडकले की फिल्टरकडे जायचं पाणी वेस्टच्या कप्प्यात शिरतं. ‘फिल्टर’वर असताना वेस्टमधून पाणी येण्याची सर्वांत नेहमीची कारणं म्हणजे हे गॅस्केट आणि थकलेली स्प्रिंग. हँडलच्या बुंध्याशी ओल असेल तर दांड्याची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, बघायची. झाकणाच्या कडेने ओघळ असेल तर झाकणाची ओ-रिंग, आणि व्हॉल्व्ह टाकीला जिथे भेटतो तिथे ठिबकत असेल तर मानेची. यातली एकही वस्तू महागडी नाही.

त्याने यातलं काही उघडून बघितलंच नाही. बॉडी फुटली, फुटक्या बॉडीतून हवा गेल्यामुळे वाळूचे गोळे झाले, म्हणून दोन्ही बदला, असा त्याचा निष्कर्ष. वाळूचे गोळे होतात हे खरं, पण ते पाण्यातल्या क्षारांनी आणि वर्षानुवर्षं साचलेल्या तेलकट मळाने. पाणी वेस्टमध्ये गळण्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही.

कामाच्या दिवशी “सिलिकाची धूळ फुप्फुसाला वाईट, बाहेर थांबा” असं सांगून त्याने पंपरूमचं दार लोटून घेतलं. धुळीचं म्हणणं खोटं नव्हतं, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती. पोती आत गेली, पोती बाहेर आली. व्हॉल्व्हच्या आकाराचं काहीतरी गोणपाटात गुंडाळून गाडीत टाकलं गेलं. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा फिल्टरवर चकचकीत झाकण, नवं हँडल, नवं स्टिकर आणि वेस्टचा पाइप कोरडा. बिल दिलं गेलं. आकडा सांगत नाही, पण तेवढ्यात अशी गॅस्केटं पोत्याने आली असती.

काही आठवडे बरं गेलं. मग धार परत सुरू झाली, आधीपेक्षा थोडी जाडच. फोन केला की “उद्या माणूस पाठवतो” आणि उद्या काही उगवेना. तोवर आमचा जुना मेकॅनिक परतला होता. वयाने मोठे, सगळे त्यांना काका म्हणतो. काकांनी हत्यारांची पेटी खाली ठेवली, वाकून टाकीच्या मानेकडे पाहिलं आणि विचारलं, “व्हॉल्व्ह बदलला म्हणता? कुठून काढला?”

आमची टाकी वर व्हॉल्व्ह असलेल्या प्रकारची. व्हॉल्व्ह आणि टाकी यांना जोडणारा एक गोल पट्टा असतो, तो बोल्टने आवळलेला असतो. हा पट्टा सोडल्याशिवाय व्हॉल्व्ह उचलता येत नाही आणि व्हॉल्व्ह उचलल्याशिवाय वाळू भरता येत नाही, कारण वाळू ओतायला टाकीला दुसरं तोंडच नाही. त्या बोल्टवर क्लोरीनच्या वाफेने चढलेला गंज जसाच्या तसा होता. आट्यांमध्ये पांढरट खार भरलेला. पान्याचा एक ओरखडा नाही. शेजारी झाकणाचे स्क्रू मात्र लख्ख.

म्हणजे झाकण, दांडा आणि चक्री एवढा वरचा संच बदलला होता. तो सुटा मिळतो. बॉडी आमचीच जुनी, वाळूही आमचीच. खात्री म्हणून काकांनी बॉडीच्या बगलेतला एक गोल छाप दाखवला. घड्याळासारखे कडेने १ ते १२ आकडे, मधे बाण आणि वर्षाचे दोन अंक. असे छाप पुष्कळ प्लास्टिकच्या वस्तूंवर असतात. कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी ती वस्तू साच्यातून निघाली ते त्यावरून कळतं. आमच्या ‘नव्या’ व्हॉल्व्हवर तलाव बांधला त्या वर्षाचे अंक होते. ज्या रेघेला तडा म्हणून नख लावलं होतं, ती रेघही तिथेच, तशीच.

वाळूबद्दलचा दुसरा पुरावा तलावावर काम करणाऱ्या पोराने दिला. नवी वाळू भरली की पहिल्या बॅकवॉशला काचेत दुधासारखं गढूळ पाणी येतं, कारण पोत्यातल्या वाळूबरोबर बारीक भुकटी येतेच. ती निघून पाणी नितळ होईपर्यंत बॅकवॉश आणि नंतर रिन्स करावं लागतं, नाहीतर ती भुकटी तलावात उतरते. पोरगा म्हणाला, “त्या दिवशी बॅकवॉश झालाच नाही, साहेब. दार उघडलं आणि थेट फिल्टरवरच चालू केलं.” आणि तरी तलावात भुकटीचा लवलेश नव्हता. दाबाच्या काट्याचंही तेच. काम होण्याआधी आणि नंतर नोंदवहीत एकच आकडा.

काकांनी काम कसं केलं तेही लिहितो, म्हणजे किती काम होतं याचा अंदाज येईल. पंप बंद, पंपाचा मुख्य खटका बंद, तलावाकडून येणारी कॉक बंद, हवा सोडायचा स्क्रू उघडून काटा शून्यावर. पेनने झाकणावरून बॉडीवर उतरणारी एक रेघ, झाकण उलटं बसू नये म्हणून. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे सैल, कारण खाली स्प्रिंग दबलेली असते. झाकण उचललं तर चक्री नवी आणि खाली गॅस्केट आमचं जुनंच, उलटं करून बसवलेलं! झिजलेली बाजू खाली खाचेत, पिवळ्या गोंदाचे गठ्ठे, त्यावर पेट्रोलियम जेली थापलेली. एक आरा गोंद सुटून वर आला होता. पेट्रोलियमची जेली कित्येक प्रकारच्या रबराला फुगवते, म्हणून अशा ठिकाणी सिलिकॉन ग्रीसच वापरतात. काकांनी लाकडी काडीने खाच साफ केली. लोखंडी पेचकस लावला तर प्लास्टिकवर चरे पडतात आणि तिथून पाणी वाट काढतं. नवं गॅस्केट बसवलं, ओ-रिंगांना ग्रीस लावलं, स्क्रू परत समोरासमोर आवळले, तेही हाताच्या बेतानेच. चहा गार व्हायच्या आत वेस्टचा पाइप कोरडा.

आता आम्ही काम देताना काही गोष्टी आधीच लेखी घेतो. काढलेला प्रत्येक भाग आमच्या ताब्यात राहणार, भंगार असला तरी. नव्या व्हॉल्व्हचा खोका आमच्यासमोर फुटणार. पट्ट्याच्या बोल्टचा, बॉडीवरच्या छापाचा आणि दाबाच्या काट्याचा कामाआधी फोटो. वाळू बदलायची असेल तर रिकामी टाकी आणि तळाचे जाळीदार पाइप दाखवल्याशिवाय नवं पोतं उघडायचं नाही. ते पाइप त्याच वेळी तपासून घ्यायलाही हवेत, कारण त्यातला एखादा तुटला तर वाळू तलावात येते. आणि ‘वेस्टमधून गळतंय’ या तक्रारीवर झाकण न उघडता दिलेलं कोटेशन आम्ही वाचतही नाही. काही कंत्राटदारांना या अटींचा राग येतो. येऊ दे.

त्या गृहस्थाला सगळे फोटो पाठवले. पहिलं उत्तर आलं की दुसऱ्याने झाकण उघडलं, आता वॉरंटी संपली. जुना व्हॉल्व्ह दाखवा म्हटलं तर तो भंगारात गेला. नव्याचं खरेदीबिल मागितलं तर ते ‘ऑफिसात आहे’. छापावरचं वर्ष विचारल्यावर सूर एकदम बदलला. पोरांनी परस्पर केलं, मला अंधारात ठेवलं, वगैरे. वाळूची रक्कम त्याने परत केली आहे. व्हॉल्व्हची अजून केलेली नाही. झाकणाचा संच तरी नवा दिला ना, असं त्याचं म्हणणं आहे. त्या संचाची रक्कम वजा करून बाकी परत द्या असं आम्ही लेखी कळवलंय आणि ग्राहक तक्रारीची कागदपत्रं तयार ठेवली आहेत.