चालू मदरबोर्ड ‘डेड’ ठरवला गेला, त्याची हकिगत

सांगलीत माझे हिशेबाच्या आणि करविषयक कामाचे छोटे कार्यालय आहे. तिथला डेस्कटॉप मी नोव्हेंबर २०२१ मध्ये सुटे भाग घेऊन जोडून घेतला होता. त्यात दहाव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, बी४६० चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डाची श्रेणी ठरवणारी मुख्य चिप) चार रॅम स्लॉट असलेला मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड, आणि ४५० वॉटचा एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, होता. बोर्डावर तीन वर्षांची वॉरंटी होती आणि त्याचे बिल व खोके दोन्ही माझ्याकडे होते, ही गोष्ट पुढच्या सगळ्या प्रकारात महत्त्वाची ठरली.

जुलै २०२४ मध्ये, विवरणपत्रांची ३१ तारखेची मुदत तोंडावर असताना, एका दुपारी वीज लागोपाठ गेली-आली आणि त्यानंतर संगणक सुरू होईना. बटण दाबले की कॅबिनेटमधले पंखे क्षणभर फिरायचे आणि थांबायचे. पडद्यावर काही येत नव्हते आणि बीपही वाजत नव्हती. अशिलांची कामे खोळंबली होती, म्हणून शहरातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात मी संगणक त्याच दिवशी नेला.

तिथल्या कारागिराने माझ्यासमोर जी चाचणी केली, तिच्याबद्दल सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण फसवणुकीचा सगळा डोलारा तिच्यावर उभा होता. त्याने मदरबोर्डातून २४ पिनांचा कनेक्टर काढला आणि त्यातली हिरवी तार एका काळ्या तारेला वायरच्या तुकड्याने जोडली. एसएमपीएसचा पंखा गरगर फिरू लागला. “बघा साहेब, एसएमपीएस एकदम ओके आहे. म्हणजे बोर्डच शॉर्ट झालाय,” असे सांगून त्याने नव्या बोर्डाचे ६,५०० रुपये आणि मजुरीचे ८०० रुपये होतील असे म्हटले. चाचणी डोळ्यांसमोर झालेली असल्यामुळे तिच्यावर कोणाचाही विश्वास बसावा, अशीच ती होती.

प्रत्यक्षात त्या चाचणीतून एसएमपीएस चांगला असल्याचे सिद्ध होत नाही. हिरवी तार म्हणजे एसएमपीएसला ‘सुरू हो’ असा इशारा देणारी तार. ती जमिनीच्या, म्हणजे काळ्या, तारेला जोडली की एसएमपीएस चालू होतो, पण त्या वेळी त्याच्यावर पंख्याखेरीज जवळजवळ काहीच भार नसतो. आतले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) कमजोर झालेला एसएमपीएससुद्धा असा बिनभाराचा पंखा व्यवस्थित फिरवतो. प्रोसेसर, रॅम आणि डिस्क यांनी वीज ओढली की मात्र त्याचे व्होल्टेज कोसळते आणि तो स्वतःला बंद करून घेतो. या चाचणीत पंखा फिरला नाही तर एसएमपीएस खराब असल्याचा संशय घेता येतो, परंतु फिरला म्हणून तो चांगला आहे आणि म्हणून बोर्ड गेला, हा निष्कर्ष कोणत्याही प्रामाणिक कारागिराने काढू नये.

बोर्ड वॉरंटीत आहे हे मी सांगितल्यावर उत्तर मिळाले की वीज लागून जळालेला बोर्ड कंपनी घेत नाही आणि घेतला तरी महिना लागतो. दुसऱ्या दिवशी संगणक चालू होऊन परत आला. नव्या बोर्डाचे खोके मागितले तेव्हा ते गोदामात राहिल्याचे सांगण्यात आले, आणि जुना बोर्ड मागितला तेव्हा तो भंगारात गेल्याचे. पक्के बिल हवे असल्यास १८ टक्के जीएसटी वेगळा द्यावा लागेल, असेही दुकानदार म्हणाला. तरीही मी आग्रह धरल्यावर दुकानाचा शिक्का आणि ‘नवीन एच४१० बोर्ड’ असे शब्द असलेली पावती त्याने दिली. पैसे यूपीआयने दिले होते. चार रॅम स्लॉटच्या बोर्डाच्या जागी दोन स्लॉटचा, खालच्या श्रेणीच्या चिपसेटचा बोर्ड आला होता.

सप्टेंबरमध्ये संगणक पुन्हा बंद पडला आणि लक्षण अगदी तेच होते: पंखे क्षणभर फिरणे आणि थांबणे. या वेळी एका ओळखीच्या जुन्या इलेक्ट्रॉनिक्स कारागिरांकडे मी तो नेला. काकांनी एकही भाग न काढता आधी मल्टिमीटर घेतला. २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये जांभळ्या तारेवर संगणक बंद असतानाही ५ व्होल्ट असायला हवेत, ते होते. मग बटण दाबताना त्यांनी हिरव्या तारेवर लक्ष ठेवले. तिचे व्होल्टेज शून्याजवळ गेले, याचा अर्थ बोर्ड त्याचे काम करत होता, तो एसएमपीएसला सुरू होण्यास सांगत होता. १२ व्होल्टच्या पिवळ्या तारेवर मात्र आकडा अकराच्याही खाली राहून लगेच शून्यावर येत होता, आणि वीज स्थिर झाल्याची खूण देणारी राखाडी तार, जिच्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत ५ व्होल्ट यायला हवेत, ती उठतच नव्हती. पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट एवढीच सूट मान्य असते. अशी क्षणिक घसरण मल्टिमीटर नीट पकडतोच असे नाही, म्हणून त्यांनी स्वतःकडचा चालू एसएमपीएस लावून पाहिला आणि संगणक पहिल्याच दाबात सुरू झाला.

जे लक्षण दाखवून माझा मूळ बोर्ड ‘डेड’ ठरवला गेला, तेच लक्षण त्याच एसएमपीएसमुळे दुसऱ्या बोर्डावरही उमटले. मूळ बोर्ड खराब नव्हता हे शंभर टक्के सिद्ध करायला तो बोर्ड हाती हवा, आणि नेमका तोच परत दिला गेला नाही. याशिवाय ‘नव्या’ बोर्डावरचा अनुक्रमांक त्या कंपनीच्या सेवा केंद्रात दाखवला, तेव्हा त्याची वॉरंटी मी तो घेण्यापूर्वीच संपलेली असल्याचे कळले. वापरलेला बोर्ड नवा म्हणून मला विकला गेला होता आणि वॉरंटी शिल्लक असलेला, बहुधा पूर्णपणे चालू असलेला, बोर्ड माझ्याकडून गेला होता. मला यात सर्वांत जास्त संताप वाटतो तो जुना बोर्ड नेण्याचा, कारण पैशाची फसवणूक पुराव्याने उघड करता येते, पण बोर्डासोबत पुरावाच नेला जातो.

म्हणून ज्यांचा संगणक सुरू होत नाही त्यांनी ‘बोर्ड गेला’ हा निकाल सगळ्यात शेवटी ऐकावा. त्याआधी कारागिराला त्याच्याकडचा चालू एसएमपीएस तुमच्यासमोर लावायला सांगा. कोणत्याही दुकानात तो असतोच आणि या कामाला पाच मिनिटेही लागत नाहीत. प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनांचा वेगळा कनेक्टर नीट बसला आहे का ते पाहा. ग्राफिक्स कार्ड, डिस्क आणि एक सोडून बाकीच्या रॅम काढून संगणक चालू करून पाहावा. कॅबिनेटचे बटणच खराब असण्याची शक्यताही असते. त्यासाठी बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना पेचकसाने क्षणभर जोडल्या की खात्री होते. मुख्य वायर काढून बोर्डावरचा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल काही मिनिटे बाहेर ठेवल्यानेही काही वेळा अडकलेला बोर्ड सुरू होतो. मला सर्वांत उपयोगी वाटलेली चाचणी काकांनी शिकवली. बोर्डाला छोटा स्पीकर जोडून सगळ्या रॅम काढायच्या आणि बटण दाबायचे. बोर्डाने रॅम नसल्याची बीप दिली, तर बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही जिवंत आहेत; काही बोर्डांवर बीपऐवजी रॅमच्या खुणेचा दिवा लागतो. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नये, कारण वायर काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट साठलेले राहू शकतात.

संगणक दुकानात ठेवावाच लागला, तर बोर्डावरच्या अनुक्रमांकाचा फोटो काढून तो क्रमांक जॉब शीटवर (दुकान दुरुस्तीची नोंद करते त्या कागदावर) लिहून घ्यावा आणि ‘बदललेला भाग ग्राहकाला परत देणे’ ही ओळ त्याच कागदावर दुकानदाराच्या सहीने घ्यावी. बोर्ड न बदलता फक्त दुरुस्त केला असे सांगितले गेले असेल, तर घरी आल्यावर विंडोज पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट करण्याचा संदेश येतो का ते पाहावे. विंडोजचा डिजिटल परवाना बोर्डाशी बांधलेला असल्याने तो संदेश बोर्ड बदलल्याची खूण असू शकतो. बोर्ड वॉरंटीत असल्यास तो स्वतः सेवा केंद्रात न्यावा, आणि नेताना प्रोसेसरच्या सॉकेटवर प्लॅस्टिकचे झाकण लावावे, कारण वाकलेल्या पिनांचे कारण देऊन वॉरंटी नाकारली जाते.

कायद्याची बाजू आपल्याकडे भक्कम आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जुनी किंवा वापरलेली वस्तू नवी म्हणून विकणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि बिल न देणेही त्यातच मोडते. वस्तू स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी वापरली जात असेल तर ‘व्यावसायिक वापर’ हे कारण सांगून ग्राहक हा दर्जा नाकारता येत नाही, त्यामुळे माझ्यासारख्या छोट्या कार्यालयांनीही मागे हटू नये. मी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि नंतर पावती, यूपीआयची नोंद, दोन्ही बोर्डांचे अनुक्रमांक व सेवा केंद्रातली माहिती जोडून दुकानाला लेखी नोटीस पाठवली. दुकानाने बोर्डाचे ६,५०० रुपये परत केले, मजुरी दिली नाही आणि जुन्या बोर्डाबद्दल एक शब्दही लिहिला नाही. त्या बोर्डासाठी मी २०२५ मध्ये ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. तक्रार अजून प्रलंबित आहे.